एका सकाळचे दोन सण

पंधरा ऑगस्टला वसईच्या ख्रिस्ती गावांत घाई दुप्पट असते. नायगाव स्थानकाच्या पश्चिमेचे उमेळे असो, माणिकपूर-पापडी असो की तिकडे आगाशी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही याच दिवशी येतो. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, चुकवायची नाही आणि झेंडावंदनही. श्रावणाचा पाऊस, चिखलात रुतणाऱ्या चपला, आणि गणवेशातली पोरे देवळातून थेट शाळेच्या पटांगणाकडे पळतात. तिथे झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवलेल्या असतात. दोरीची गाठ एका हिसक्यात सुटली पाहिजे, नाहीतर सगळ्या गावासमोर फजिती. म्हणून आदल्या संध्याकाळी कुणीतरी ती दोन-तीनदा बांधून सोडून पाहिलेली असते.

दोन सण एकाच दिवशी येणे हा निव्वळ योगायोग आहे. व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी स्वातंत्र्यासाठी १५ ऑगस्ट निवडला तो १९४५ साली जपान शरण आला त्या तारखेची आठवण म्हणून. ज्योतिष्यांनी तो दिवस अशुभ ठरवला आणि म्हणून मध्यरात्रीची तोड निघाली, असे लेखक लॅपिए आणि कॉलिन्स यांनी नोंदवले आहे. संविधान सभा १४ तारखेच्या रात्री अकराला बसली, हे तर दप्तरातच आहे. मरियेचा सण त्याच्या कितीतरी शतके आधीपासून याच तारखेला होता. मरियेला देहासकट स्वर्गात नेले गेले हा सिद्धान्त मात्र पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी अधिकृतपणे जाहीर केला. भारताचे संविधान अमलात आले तेही त्याच वर्षी.

योगायोगातून फार अर्थ काढू नये. तरी एक प्रश्न पडतोच. देवाच्या दारात राष्ट्राचा सण साजरा करायचा तो कशाच्या आधारावर? राष्ट्र स्वतःच देव होऊन बसले की काय होते, हे विसाव्या शतकाने युरोपात पाहिले. धर्माने राष्ट्र हातात घेतले की काय होते, हे १९४७ च्या फाळणीने इथे दाखवले. दोघांनी एकमेकांपासून जपून राहावे असा अनुभव असताना एकाच सकाळी दोघांना नमस्कार करणारा माणूस नेमके कशाला नमस्कार करतो?

उत्तराचा एक धागा त्या सकाळच्या मिस्सातच सापडतो. स्वर्गोन्नयनाच्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला जातो. गरोदर मरिया डोंगराळ मुलखात आपल्या नातेवाईक अलिशिबेला भेटायला जाते आणि तिथे देवाची स्तुती गाते. त्या स्तुतीचा आशय ऐकला तर दचकायला होते. सिंहासनावरचे खाली ओढले जातात, दीनदुबळे उचलले जातात, भुकेल्यांची पोटे भरतात आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत धाडले जाते. सण स्वर्गाचा, पण वाचन पृथ्वीवरच्या सत्तेचे. तासाभराने पटांगणात जमलेले लोक ज्या सत्तेच्या जाण्याचा आनंद साजरा करतात, तीही सिंहासनावरचीच होती.

सत्ता येताना-जाताना पाहण्याची वसईला जुनी सवय आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली, आणि तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळू देण्याचे मान्य केले. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, तोही वसईचाच. पेशवाईने आपल्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले ते या गावाच्या नावावर.

१७३९ च्या तहातले ते कलम उदार होते, यात शंका नाही. पण ते जेत्याचे औदार्य होते. जो मुभा देतो तो उद्या ती काढूनही घेऊ शकतो. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने ही गोष्ट मुळातून बदलली. सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क आता कुणाच्या मेहेरबानीवर राहिला नाही. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा नकोत, अशी भूमिका त्यांनीच घेतली. वेगळे दार मागण्यापेक्षा घरच सर्वांचे करावे, असा तो हिशेब होता. उमेळ्याचा ख्रिस्ती माणूस झेंड्याला सलाम करतो तो या हिशेबातला भागीदार म्हणून.

ही भागीदारी नुसती कागदावरची नव्हती. वसईच्या खाडीपलीकडचे उत्तन हे जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या घराण्याचे मूळ गाव. १८६४ साली माझगावला जन्मलेले हे ‘काका’ टिळकांचे स्नेही आणि कायद्याचे सल्लागार. १९१६ मध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग निघाली तेव्हा अध्यक्ष काका बॅप्टिस्टा होते. वसईच्या उत्तरेला पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकूर गोविंद मोरे हे पाच जण गेले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड अशा आसपासच्या गावांतली ही माणसे. पाच आडनावे वाचली तरी कळते की मोर्चात कुणी कुणाची जात पाहून शेजारी उभे राहिले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर देवळाच्या आतही एक बदल झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांत उपासनेला वाट करून दिली आणि लॅटिनच्या जागी वसईची मिस्सा मराठीत होऊ लागली. नंदाखालला जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. संमेलन मात्र त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले. मराठी ही कुठल्या एका धर्माची मालमत्ता नाही, हे संमेलनाच्या मंडपाने त्या दिवशी कृतीने सांगितले.

आता उमेळ्याहून काही किलोमीटर भुईगावकडे जावे. जवळच्याच सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूप उकरला. त्याच वर्षी तिथल्या तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. समुद्रकाठच्या भुईगावात १९५६ साली आणखी एक कोरीव पाषाण सापडला. काळा दगड, त्यावर ब्राह्मी अक्षरे, आणि मजकूर अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा. गिरनार वगैरे ठिकाणी हा लेख पूर्ण मिळतो, त्यामुळे तुटलेल्या दगडावर काय होते ते नीट कळते.

त्याचा विषय आहे सणसमारंभ. अशोक म्हणतो, माणसे आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकृत्ये करतात. करावीत, त्याला ना नाही. पण त्यांचे फळ थोडे आणि बेभरवशाचे. खरे फळ देणारे मंगलकृत्य वेगळे: दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, जीवमात्राविषयी संयम, श्रमण आणि ब्राह्मण दोघांनाही दान. आणि हे बापाने, मुलाने, भावाने, मालकाने, मित्राने, अगदी शेजाऱ्यानेही एकमेकांना सांगावे, असे तो बजावतो.

यादीत पहिला कोण आहे ते पाहण्यासारखे आहे. वडीलधारे, श्रमण, ब्राह्मण यांच्याही आधी दास आणि नोकर येतात. सणाची परीक्षा घरातल्या सर्वांत खालच्या माणसापासून सुरू होते. दोन हजार वर्षांहून जुना हा दगड आणि लूकच्या अध्यायातली ती गरोदर बाई एकमेकांना ओळखत नव्हती, पण दोघांचे बोट एकाच ठिकाणी आहे.

अशोकाने लग्न आणि दास एकाच लेखात आणले. वसई तेव्हा ज्या ठाणे जिल्ह्यात होती, त्याच जिल्ह्यात ते दोन शब्द विसाव्या शतकात एकमेकांना येऊन चिकटले. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि फेडीपोटी नवराबायकोने त्याच्या घरी राबत राहायचे, पिढी संपली तरी कर्ज संपायचे नाही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली आदिवासींनी एकत्र येऊन वेठ आणि लग्नगडीपणा बंद करण्याचे ठरवले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत लिहिली आहे. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाडा इथे पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मेले. दिल्लीत स्वातंत्र्याच्या वाटाघाटींचा काळ सुरू होत होता, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या रानात स्वातंत्र्याची व्याख्या अशी लिहिली जात होती.

पंढरपुरातही तोच प्रश्न उभा होता. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला तीन-साडेतीन महिने उरले असताना, साने गुरुजी विठ्ठलाच्या दारात उपोषणाला बसले. अस्पृश्य मानलेल्यांना मंदिर उघडावे ही एकच मागणी, आणि ती मान्य झाली. इंग्रज जाणार हे तोवर ठरलेलेच होते. तरीही गुरुजींना वाटले की देशाचे दार उघडण्याआधी देवाचे दार उघडले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हाच धोका राज्यशास्त्राच्या भाषेत मांडला. २६ जानेवारीपासून राजकारणात समता येईल, समाजात आणि अर्थकारणात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीची इमारतच उडेल, असा त्यांचा इशारा होता. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे सांगताना त्यांनी बंधुतेवर जोर दिला. पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी सांगितले की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. सोपाऱ्याच्या स्तूपाशेजारी राहणाऱ्यांना हे परके वाटण्याचे कारण नाही.

यावर कुणी म्हणेल, मग झेंडा, कवायत, भाषणे, लाडू हे सगळे पोकळच का? तसे मानणे अशोकालाही मान्य झाले नसते. मंगलकृत्ये करावीत असे त्याने स्पष्टच म्हटले आहे. आणि त्यांचा उपयोगही असतो. झेंडावंदनाला वाडवळ, सामवेदी, आगरी, कोळी, आदिवासी, आणि विरार लोकल धरून आलेला नवा भाडेकरू, सगळे एकाच चिखलात उभे असतात. वर्षभर ज्यांची तोंडे वेगळ्या दिशांना असतात ती तेवढा वेळ एका खांबाकडे वळतात. समाजाला अशा कवायतीची गरज असते. अडचण येते ती कवायतीलाच सगळे काम झाले असे मानले की. मिस्सा ऐकून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती माणसालाही हा धोका ओळखीचा आहे. देवळातला विधी संपला म्हणजे शेजाऱ्याचे देणे फिटले, असे त्याचा धर्म कधीच सांगत नाही.

शेजाऱ्याचे ते देणे वसई तालुक्यातही बरीच वर्षे थकले होते. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली ती १९५० मध्ये. तरी १९७६ साली संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यानंतरही तालुक्याच्या पूर्वेकडच्या दहिसर गावात वेठबिगार होतेच. त्यांच्या सुटकेच्या लढ्यातून १९८२ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना उभी राहिली, आणि १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने या दांपत्याला पुरस्कार दिला. लोकल गाड्या, इमारती, बाजार असलेल्या तालुक्याला गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळावा, यात अभिमान आणि शरम दोन्ही आहेत.

वेठीचे रूप आता बदलले आहे. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा कातकरी कुटुंबे वीटभट्टीवाल्याकडून बयाणा उचलतात, पुष्कळदा लग्नासाठीच, आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत राहतो. उमेळे ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या महापालिकेच्या हद्दीत गेले, तिथे ग्रामसभा उरली नाही. पण तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांत ती आहे आणि प्रथेप्रमाणे पंधरा ऑगस्टचीच तारीख तिच्यासाठी ठरलेली असते. बयाणा उचलण्याचे महिनेही तेच. झेंडावंदनानंतर कोरमपुरत्या सह्या घेऊन ती उरकता येते. किंवा गावातल्या किती घरांनी यंदा बयाणा घेतला, कुणाकडून, कोणत्या बोलीवर, आणि मुलांची शाळा कुठे सुटणार, हे सभेत विचारून इतिवृत्तात लिहूनही घेता येते. ग्रामसभेत बसायला सरपंचाची परवानगी लागत नाही. मतदारयादीत नाव असले की पुरते.