वार लावून जेवणे

जेवण झाले, पैसे चुकते केले, बडीशेपेचे चार दाणे तोंडात टाकले आणि पायांत चपला सरकवल्या, म्हणजे खाणावळीचा आणि आपला व्यवहार संपला का? प्रश्न क्षुल्लक वाटतो. ज्याने ताट वाढले त्याला ताटाची किंमत मिळाली. आता कोणी कोणाचे देणे लागत नाही, असे उत्तर शाळकरी पोरही देईल. अर्थशास्त्राचे पंडित तेच उत्तर जरा भारदस्त शब्दांत देतील. ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवले आहे की, आपले जेवण खाटिकाच्या किंवा पाववाल्याच्या दयाबुद्धीतून येत नाही. ते दोघे आपापला स्वार्थ पाहतात म्हणून ते आपल्याला मिळते. त्यांनी त्यांचा स्वार्थ पाहावा, आपण आपला पाहावा. हिशेब पुरा!

असे जर आहे, तर एखादे जुने हॉटेल बंद पडले म्हणजे आपल्याला रुखरुख का लागते? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचे बी. मेरवान हे १९१४ सालचे इराणी हॉटेल. २०१४ साली ते बंद होणार अशी वार्ता पसरली तेव्हा तिथल्या मावा केकसाठी लोकांनी रांगा लावल्या. ते हॉटेल त्या वेळी पुन्हा उघडले, ही गोष्ट निराळी. परंतु त्या रांगेचा विचार माझ्या मनातून जात नाही. आजारी माणसाकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकू नये आणि शेवटचे ऐकून सारे गणगोत त्याच्या उशाशी गोळा व्हावे, तसेच काहीसे हे नाही का? एके काळी मुंबईच्या नाक्यानाक्यावर इराणी होता. आता ती हॉटेले बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्यावर हळहळून लिहिलेले लेख मात्र पुष्कळ आहेत. हळहळ ही फार स्वस्त वस्तू आहे. तिच्यावर कोणाचे भाडे भागत नाही.

थंड देशांत हा प्रश्न दर हिवाळ्याला उभा राहतो. बर्फ पडू लागले की माणसे घर सोडीत नाहीत आणि गल्लीतल्या लहानशा उपाहारगृहाच्या खुर्च्या रिकाम्या पडतात. २०२०-२१ च्या हिवाळ्यात त्यात महामारीची भर पडली. न्यूयॉर्क शहरात १४ डिसेंबर २०२० पासून आत बसून जेवायला बंदी झाली, ती फेब्रुवारीत उठली. मधल्या काळात हॉटेलवाले रस्त्याच्या कडेला लाकडी मांडव घालून जेवण वाढीत होते आणि गिऱ्हाइके अंगावरचा कोट न काढता जेवत होती. कोणी पुढे कधीतरी खायच्या जेवणाचे पैसे आगाऊ देऊन ठेवीत होते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण खाणावळींचा हिवाळा आहे. तो पंचांगातल्या हिवाळ्याशी जुळत नाही, एवढेच. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मासळीच्या खाणावळींचा हिवाळा भर पावसात येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद, ताजी मासळी नाही आणि प्रवासीही नाहीत. मटणाच्या खाणावळींचा हिवाळा श्रावणात. आणि पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतल्या खाणावळींचा हिवाळा येतो तो ऐन दिवाळीत! वसुबारस उजाडण्यापूर्वीच परगावची मुले पिशव्या भरून एस. टी. गाठतात. आपण हा अंक मांडीवर घेऊन चकलीचा तुकडा मोडीत असतो, त्या वेळी ज्या स्वयंपाकघरात एरवी साठ-सत्तर पाने उठतात तिथे भांडी पालथी घातलेली असतात. मुले सगळी एकदम परततही नाहीत. कोणाची परीक्षा पुढे गेलेली असते, कोणी खोलीच सोडलेली असते. बेताबेताने पंगत पुन्हा भरायला महिना उजाडतो.

या महिन्याचे गणित मोठे निष्ठुर असते. जागेचे भाडे रिकाम्या खुर्चीलाही तेवढेच पडते. वाढप्याला आणि भांडी घासणाऱ्या बाईला ‘आज माणसे कमी आली’ म्हणून निम्मा पगार देता येत नाही. शेगडीला १९ किलोचा व्यापारी सिलिंडरच लावावा लागतो, घरातला १४.२ किलोचा तिथे चालत नाही. शिवाय खाणावळीचा माल हा जगातला सर्वांत नाशवंत माल. कापडवाल्याची आज न खपलेली साडी उद्या खपते. खाणावळीतले आज न जेवलेले जेवण उद्या कोणाला वाढता येत नाही, आणि आजची रिकामी खुर्ची उद्या दोनदा भरता येत नाही.

आमच्या घरापासून चार दारे टाकून अशी एक खाणावळ आहे. जेवणारी मुले तिच्या मालकिणीला काकू म्हणतात, म्हणून वयाने मोठा असूनही मीही काकूच म्हणतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांना विचारले, “काकू, हे रिकामे दिवस तुम्ही काढता तरी कसे?” मला वाटले, त्या पैशाच्या ओढाताणीविषयी बोलतील. त्या म्हणाल्या, “पैशाचं काय हो दादा, आज नाही तर उद्या येतील. पण उद्या जेवायला येणार की नाही, तेवढं आज सांगत जा. सकाळी कणीक भिजवायला बसते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ताटं दिसली पाहिजेत.”

हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. खाणावळ पैशावर चालते हे खरेच, पण त्याच्याही आधी ती अंदाजावर चालते. चाळिसांची कणीक भिजवली आणि बावीस आले, तर अठरांचे अन्न वाया गेले. बाविसांची भिजवली आणि चाळीस आले, तर अठराजण पुन्हा येत नाहीत. अशा माणसाला तुम्ही एखाद्या दिवशी उदार होऊन शंभर रुपये जास्त दिलेत तर तो संकोचेल. पण ‘दर मंगळवारी रात्री आमची चार पाने’ असे सांगितलेत, तर त्याला सात दिवसांतला एक दिवस तरी पायाखाली जमीन असल्यासारखा वाटेल.

इथे मला आपल्याकडची एक जुनी रीत आठवते. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले पूर्वी दोन प्रकारे पोट भरीत. काही माधुकरी मागत. झोळी घेऊन दारोदार फिरायचे, जे पडेल ते खायचे. काही वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी सात घरे बांधलेली असत. माधुकरीत अन्न दात्याच्या त्या घटकेच्या लहरीवर होते. वारात तसे नव्हते. मंगळवारी तो मुलगा येणार, हे त्या घराने एकदा पत्करले म्हणजे पत्करले; घरात पाहुणे असोत की पिठाचा डबा तळाला गेलेला असो, त्याचे पान मांडले जाई. उपकारातला बोचरेपणा त्यामुळे सगळाच जात नसेल, पण त्या मुलाला उद्याची भ्रांत नसे. शिकणाऱ्याला याहून मोठे दान कोणते?

ते वार गेले आणि त्यांच्या जागी खाणावळी आल्या. आता मला वाटते, वार लावण्याची पाळी आपली आहे. एका लहानशा खाणावळीशी, कोपऱ्यावरच्या उडप्याशी किंवा इराण्याशी आपण आपला एक वार बांधावा आणि तिच्या पडत्या दिवसांत तो कटाक्षाने पाळावा. उलटा वार म्हणा हवे तर! पूर्वी घराने विद्यार्थ्याला सांभाळले. आता जेवणाऱ्याने जेवू घालणाऱ्याला सांभाळायचे.

ही कल्पना कोणाला भाबडी वाटेल. पण खाणावळींनी हे आपल्यासाठी पूर्वीच केलेले आहे. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार चाळीतल्या बायांच्या हातचे जेवत आणि पगार झाला की पैसे देत. १९७३-७४ च्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले आणि पगारही थांबले. तेव्हा या खाणावळवाल्या बायांनी उसनवारी करून त्या माणसांना जेवू घातले. ‘हिशेब पुरा’ हे तत्त्व त्यांनी त्या वेळी पाळले असते, तर कितीजणांना गावाची वाट धरावी लागली असती! प्रेमा पुरव यांनी १९७५ साली याच बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या दारातून त्यांना बँकेच्या दारात नेले. गिऱ्हाइकाच्या वाईट दिवसांत जी चूल विझली नाही, तिच्या वाईट दिवसांत गिऱ्हाइकाने पाठ फिरवायची, याला व्यवहार म्हणता येईल; न्याय म्हणता येणार नाही.

खाणावळीच्या बोलीत ‘खाडा’ असा एक शब्द आहे. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि जे दिवस जेवलो नाही ते खाडे म्हणून वजा करून घ्यायचे. ‘आधी सांगितल्याशिवाय खाडा धरला जाणार नाही’ अशी पाटीही बहुतेक ठिकाणी असते. दिवाळीच्या महिन्यात आठ-दहा खाडे सहज पडतात. ते मागून घेणे हा आपला हक्क आहे, यात शंका नाही. पण प्रत्येक हक्क प्रत्येकाने बजावलाच पाहिजे का? गावाकडून येणाऱ्या मोजक्या पैशांवर राहणाऱ्या मुलाने आपले खाडे जरूर मागावेत. त्या पैशांत त्याची पुस्तके येतात. ज्याला ते पैसे परत आल्याचे किंवा न आल्याचे कळणारही नाही, त्याने ते पुढच्या महिन्यात जेवून फेडून घ्यावेत, किंवा सोडून द्यावेत. हक्क एकच असला तरी तो कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जातो, हे पाहायला नको का?

यावर कोणी म्हणेल, “हा तर धर्मादाय झाला. धंदा चालत नसेल तर तो बंद पडावा.” आक्षेप खोटा नाही. वाईट जेवण दयेपोटी खाण्याचे मी सुचवीत नाही. ज्या हॉटेलात तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते, पोरांना राबवून घेऊन पगार दिला जात नाही, तिथे आपला वार बांधण्याचे कारण नाही. आणि कीव तर कोणालाच नको असते. काकूंनी अन्नछत्र घातलेले नाही, तसेच आपणही घालायचे नाही. पण जी खाणावळ अकरा महिने चांगली चालते आणि बाराव्या महिन्यात अडखळते, ती ‘न चालणारी’ नव्हे. तिच्या हातात नसलेल्या ऋतूने तिला गाठलेले असते. एका ऋतूसाठी तोल सावरणे आणि मेलेल्याला खांद्यावर वाहणे, यांत फरक आहे.

वार बांधला म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप सुचतात. खाणावळ दहा मिनिटांच्या अंतरावर असेल तर मोबाइलवरून जेवण मागवू नये. त्या बिलातला मोठा वाटा मधली कंपनी घेते. आपला डबा घेऊन आपणच जावे. पायही मोकळे होतात. आमटी खारट झाली असेल तर ती साऱ्या जगाला इंटरनेटवरून कळवण्याआधी काकूंना कळवावी. पडत्या दिवसांत दोनच भाज्या केल्या असतील तर तिसरी मागू नये. दहा माणसांचे सांगून सहाच नेऊ नयेत. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी विनोद म्हणून वाचू नये. कोणा उधारी बुडवणाऱ्याने ती लिहायला लावलेली असते.

खरी अडचण औदार्याची नाही, नेमाची आहे. २५ मार्च २०२० ला सारा देश बंद झाला. महाराष्ट्रात हॉटेलात बसून जेवायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, आणि तीही निम्म्या खुर्च्यांपुरती. त्या दिवसांत आपल्या गल्लीतल्या खाणावळीचा डबा मुद्दाम मागवणारी माणसे मी पाहिली आहेत. संकट ओसरले आणि तीच माणसे पुन्हा कुठे कुठे पांगली. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. संकटात धावून जाणे मनुष्याला जमते. काहीच घडलेले नसताना, बाहेर गार वारा सुटलेला असताना, एखाद्या साध्या मंगळवारी उठून जाणे जमत नाही. आणि लहान धंद्याचे मरण अशा साध्या मंगळवारांतच साठत जाते.

पाटावर बसून दुसऱ्याच्या घरी जेवलो की आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठतो. पैसे देऊन जेवलो तर म्हणत नाही. किंमत दिली म्हणजे आशीर्वादाची गरज राहत नाही, असा आपला समज असावा. मला तो पटत नाही. ज्याच्या हातचे खाऊन आपण दिवस काढले तो अन्नदाताच. त्याने पैसे घेतले म्हणून त्याच्या चुलीपुढच्या घामाची जात बदलत नाही. फक्त त्याला ‘सुखी भव’ म्हणण्याची तऱ्हा निराळी आहे. भाऊबीज होऊन जाईल, फराळाचे डबे तळाला जातील, तळणाचा कंटाळा येईल आणि घरात कोणाला स्वयंपाकाचा उत्साह उरलेला नसेल. मुले अजून गावाहून परतलेली नसतील आणि गल्लीतल्या खाणावळीच्या बाकांवर दोन-चारच माणसे बसलेली असतील. त्याच आठवड्यात घरच्या मंडळींना घेऊन तिथे जा. मात्र आदल्या रात्री जाता जाता दारातून एवढे सांगून ठेवा: “उद्या आमची चार पाने धरा.”