सोडायचा होता, तर धरलास कशाला?

गेल्या चातुर्मासात एका एकादशीस कीर्तन आटोपून प्रसाद वाटून झाल्यावर काही मंडळी मंदिराच्या ओसरीवर बोलत बसली होती. जयेंद्रगंजातीलच एका सभासद कुटुंबातला तरुण आपल्या आजींना घरी नेण्यासाठी आला. नोकरीनिमित्त तो परगावी असतो आणि नुकताच अंदमानची सफर करून परतला होता. त्याच्या मोबाइलमधील एक छायाचित्र हातोहात फिरले. त्यात तो बोटीच्या काठाशी गुडघे टेकून बसला आहे आणि त्याच्या दोन्ही हातांवर तीन-साडेतीन फूट लांबीचा, रुंद कपाळाचा, चांदीसारखा लखलखणारा मासा आडवा आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हां लष्करकरांना असा मासा पाहण्याचा योग क्वचितच येतो. कोणी तरी सहज विचारले, "मग काय, रस्सा केलात की नाही?" तो म्हणाला, "छे! सोडून दिला. या खेळात मासा सोडूनच देतात." त्याच्या स्वरात समाधान होते, आणि ते खोटे नव्हते. आजींनी छायाचित्र डोळ्यांजवळ धरून पाहिले व म्हणाल्या, "अरे, सोडायचा होता, तर धरलास कशाला?"

सर्वजण हसले, तोही हसला. परंतु हा प्रश्न आमच्या मनातून काही जाईना. म्हणून त्याच तरुणास पुन्हा बोलावून आम्ही सर्व हकीकत समजून घेतली. न समजता एखाद्याच्या छंदास नावे ठेवणे सोपे असते.

त्या माशाचे इंग्रजी नाव जायंट ट्रेव्हली. हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण भागात, प्रवाळाच्या खडकांभोवती तो राहतो. 2006 साली जपानमध्ये गळाने धरलेल्या अशा एका माशाचे वजन 72.8 किलो भरले होते. तो स्वतः मोठा शिकारी आहे. सेशेल्स बेटांजवळ तर पाण्यावरून उडणारे समुद्रपक्षी तो झेप घेऊन गिळतो. त्याला धरण्यासाठी खरे आमिष लागत नाही. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा एक रंगीत तुकडा जाड दोऱ्याला बांधून दूर फेकतात व तो पाण्यावर आपटत, बुडबुडे काढीत ओढून आणतात. मासा फसतो, झडप घालतो, आणि गळ तोंडात रुतताच सारे बळ एकवटून खोल खडकाकडे धाव घेतो, कारण खडकाच्या धारेवर दोरा तुटला तर तो सुटतो. माणूस त्याला खडकापर्यंत पोहोचू देत नाही. त्या ओढाताणीत धडधाकट माणसाचेही खांदे भरून येतात. त्या तरुणाच्या शब्दांत सांगावयाचे तर, "काका, तेवढा वेळ जगात दुसरे काही उरतच नाही." आम्ही त्यावर विश्वास ठेवतो. अशी तल्लीनता आम्हांला आमच्या जपजाप्यातही नेहमी साधत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

या खेळातील समंजस लोक पुष्कळ काळजी घेतात. तीनतोंडी गळाऐवजी एकतोंडी गळ वापरतात, त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतात, मासा शक्य तो पाण्याबाहेर काढीत नाहीत, आणि काढलाच तर त्याला शेपटीने उलटा लोंबकळत न ठेवता पोटाखाली हात देऊन धरतात. तरुणाचा युक्तिवाद असा : कोळ्याच्या जाळ्यात सापडलेला मासा मरतोच, आमचा मासा पुन्हा समुद्रात जातो, अंडी घालतो, जिवंत माशासाठी दुरून लोक येऊन पैसे देतात, म्हणून तेथील नावाड्यालाही तो जिवंत राहावासा वाटतो. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या वस्तूला जिवंतपणी किंमत नाही तिचे रक्षण करणारे विरळा, ही जगाची रीत आहे.

तथापि आजींचा प्रश्न याने सुटत नाही. तो माशांच्या संख्येविषयी नव्हताच.

माशाला दुःख होते काय, हा वाद जुना आहे. माशाच्या मेंदूत आपल्यासारखे बाह्यावरण नाही, म्हणून त्याला वेदनेची जाणीव नसावी, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. उलट 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची संवेदना घेणाऱ्या मज्जातंतूंची टोके असल्याचे दाखविले. ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर ते मासे कितीतरी वेळ खाणे सोडून बसले आणि तळाच्या खड्यांवर तोंड घासू लागले. स्वित्झर्लंडने तर 2008 च्या प्राणिरक्षण नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरण्यास मनाई केली. म्हणजे आमच्या आजींचा प्रश्न तेथे कायद्याच्या पुस्तकात शिरला आहे! वाद अद्याप संपलेला नाही. परंतु दुःख आहे की नाही याविषयी शंका असता, त्या शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा? ज्याच्या तोंडात गळ आहे त्याला, असे आम्हांस वाटते.

आता या ठिकाणी आपले सर्वांचेच पाय मातीचे आहेत. आमच्या सभासदांत मत्स्याहार करणारी घरे आहेत, न करणारीही आहेत, आणि या अंकात तो तंटा उकरून काढण्याची आमची मुळीच इच्छा नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वातील च्यवन ऋषींची कथा मात्र येथे आठवते. गंगा-यमुनांच्या संगमात बारा वर्षे जलवास करणारे च्यवन माशांबरोबरच कोळ्यांच्या जाळ्यात वर आले. तडफडणारे मासे पाहून त्यांना करुणा आली, व ज्यांच्या संगतीत राहिलो त्यांना सोडून मी जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग नहुष राजाने त्यांचे मोल म्हणून राज्यसुद्धा देऊ केले. अखेर एक गाय हे मोल ठरले. कथेचा शेवट विशेष आहे. ऋषींच्या आशीर्वादाने मासे स्वर्गास गेले आणि त्यांच्याबरोबर ते कोळीही गेले. जाळे टाकणाऱ्याला कथाकाराने पापी ठरविले नाही; तो पोटासाठी पाण्यात उतरला होता. त्याच परंपरेत मनूने राजाची कामज व्यसने मोजताना मृगयेला पहिले स्थान दिले आहे. जीव तेथेही जातो आणि येथेही जातो. भेद आहे तो माणूस त्या जिवाकडे काय मागतो, यात.

कोळी माशाकडे त्याचे मांस मागतो. आमचा तरुण काय मागतो? त्याला मांस नको आहे. त्याला हवी असते ती त्या माशाची स्वतःचा जीव वाचविण्याची धडपड. ती जितकी निकराची, तितका आनंद मोठा. मासा सोडताना त्याचा जीव परत दिला जातो हे खरे. पण जे घेतले होते ते जीव नव्हतेच, ती धडपड होती, आणि ती परत देता येत नाही. दया दाखविण्याची संधी मिळावी म्हणून आधी संकट आपणच निर्माण करावयाचे, हा व्यवहार आम्हांला सरळ वाटत नाही.

याविषयी ग्वाल्हेरच्या माणसाने फार ताठ मानेने बोलू नये, हेही खरे. शिवपुरीचे जंगल संस्थानी काळात शिकारीसाठीच प्रसिद्ध होते. वाघाच्या शौर्याचे कौतुक त्याच्या शिकाऱ्याइतके कोणी केले नसेल, आणि ते कौतुक मनापासूनचे होते. तेच जंगल 1958 मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे तेथील वाघ नाहीसे झाले, 2023 मध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडावे लागले, आणि 2025 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. आज तेथे वाघ नुसता दिसला तरी लोक धन्य होतात. त्यांना त्याच्याशी झुंजावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचे म्हणून तेथले मासे कोणी धरीत नाही. त्यांत महसीर आहे, ज्याच्या झुंजारपणावर गळवाले जगभर लुब्ध आहेत. भाविक चुरमुरे टाकतात आणि ते मोठाले मासे निर्धास्तपणे काठाशी येतात. त्यांच्या बळाची परीक्षा कोणी घेत नाही, तरी पाहणाऱ्याचे मन भरते.

हे सारे आम्ही त्या तरुणास वाचून दाखविले. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प राहून त्याने छायाचित्रात नसलेली एक गोष्ट सांगितली. मासा पाण्यात सोडल्यावर लगेच गेला नाही. दमून एका कुशीवर कलला. तेव्हा नावाड्याने सांगितल्यावरून याने त्याची शेपटी धरून तोंड प्रवाहाकडे केले, कल्ल्यांतून पाणी वाहावे म्हणून, आणि कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला. अशा थकलेल्या माशाला शार्क गाठतात, हे त्याला ठाऊक होते. "त्या वेळी मी काय म्हणत होतो, माहीत आहे, काका? जा रे बाबा, एकदाचा जा." शेवटी शेपटीला एक हिसडा बसला व मासा खाली निळ्यात दिसेनासा झाला. तो जगला की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

येत्या हिवाळ्यात मित्रांबरोबर पुन्हा अंदमानास जाण्याचे त्याचे ठरले आहे. गळ टाकणार का, असे आम्ही विचारले. "जाणार तर नक्की," तो म्हणाला, "पण दांडी बरोबर घ्यायची की नाही, ते अजून ठरत नाही."