अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’

राळेगावातल्या लहानशा उपासनेतही कुणाची प्रार्थना सगळ्यांना हेलावते, आणि शेजारी बसलेल्याला वाटतं, हे दान मला का नाही? बायबलमध्ये एलदाद आणि मेदाद हे दोघे इस्राएलांच्या छावणीत संदेश देऊ लागले, तेव्हा मोशेचा सेवक यहोशवा याचंही पित्त खवळलंच होतं. मोशे मात्र म्हणाला, सगळेच संदेष्टे झाले तर किती बरं!

लक्ष्मीबाई टिळक लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नवरा नामवंत कवी. हेवा करायचा तर कारण घरातच होतं. १९१९ साली तो कवी, रेव्हरंड टिळक, गेले आणि त्यांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. त्यांच्यासारखं जमेल का, हा हिशेब बाजूला ठेवून लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचेच आहेत.