सभ्यपणा आणि नियम

लंडनच्या कॉरिंथियन फुटबॉल क्लबाची स्थापना 1882 सालची. खेळाडूनें पैसा घ्यावयाचा नाहीं, क्लबानें चषकासाठीं खेळावयाचें नाहीं, हे त्याचे आरंभींचे दंडक समजण्यास सोपे आहेत. पण 1891 सालीं पेनल्टी किकचा नियम आला, तेव्हां तो या हौशी मंडळींना अपमानकारक वाटला. सभ्य गृहस्थ प्रतिपक्षाला जाणूनबुजून पाडील, ही कल्पनाच त्यांना असह्य! आपल्यावर पेनल्टी आली तर त्यांचा गोलरक्षक खांबाला टेकून उभा राही. आपल्याला मिळाली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारीत, असें सांगतात.

ही दोन्ही कृत्यें आपण एकाच मापानें मोजतों. मला तें पटत नाहीं. पहिल्यांत सोबत्याच्या चुकीची पुरी किंमत देण्याची तयारी आहे. दुसऱ्यांत, ज्याच्या घोट्यावर लाथ बसली त्याला न विचारतां इतरांनीं परस्पर केलेली क्षमा आहे. आणि नियम केला म्हणजे संशय घेतला, असें तरी कोठें आहे? वाटणीचा कागद भावाभावांतही होतो. त्यानें कोणी चोर ठरत नाहीं.

परंतु पहिल्या कृत्याविषयींचा माझा निवाडाही थोडा डळमळतो. लँकेशायरच्या गिरणीगांवांतील धंदेवाईक संघांशीं हा क्लब खेळे. मजुरी बुडवून खेळणें न परवडणाऱ्या तेथील खेळाडूंना 1885 सालीं पैसे घेण्याची उघड मोकळीक मिळालेली होती. अशा एखाद्यानें न्यायानें मिळविलेली किक मारावयास यावें, आणि समोर गोल मोकळा सोडून सभ्य गृहस्थ खांबाला टेकलेला दिसावा! जो त्याचा हक्क होता, त्याची तेवढ्यांत भिक्षा झाली.