दूर देशीचा गुरू

परदेशातील आडगावी जाऊन तेथील शिक्षकांस विनावेतन शिकविणारा मनुष्य हित कोणाचे करितो, त्यांचे की आपले? प्रश्न कठोर आहे. तरी तो विचारिलाच पाहिजे.

मिस सिंथिया फॅरार ह्या बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या. त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८६२ साली अहमदनगर येथेच त्या निवर्तल्या. त्यांच्या नगरच्या शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांस स्फूर्ती झाली व १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली. सावित्रीबाईंनी शिकविण्याची रीत फॅरारबाईंपाशी घेतली, असे चरित्रकार लिहितात. एका परक्या बाईने किती मुली शिकविल्या असत्या? पण तिचा दिवा येथल्या हातांनी घरोघर नेला.

आता कर्जत-खालापूरकडे पाहा. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे मुलांसह वीटभट्ट्यांवर जातात. अशा वेळी आलेला पाहुणा ओस वर्ग पाहून आईबापांस बेफिकीर म्हणेल. वाडीच्या मास्तरास मात्र खरे कारण ठाऊक असते. म्हणून मास्तरास शिकवू इच्छिणाऱ्याने आधी त्याचा शिष्य व्हावे.

तर मग पाहुणा हवाच कशाला? कारण शेजाऱ्यांस जे अशक्य वाटते, ते परक्या डोळ्यास कधी कधी शक्य दिसते. मुलींच्या शिक्षणाचे तसेच झाले.

सारांश, वाचकहो, आम्हांस कसोटी एकच दिसते: गुरू निघून गेल्यावर शाळा चालते काय? चालत असेल तर ती सेवा. बंद पडली तर तो केवळ प्रवास होय.