पिकअपचा हिशेब

परभणीत पन्नाशी ओलांडलेले दोन पुरुष चहाच्या गाड्यावर भेटले आणि समोरून एखादी नवी, चकचकीत गाडी गेली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आता गाड्या नुसत्या दिसायला राहिल्या, पिकअप होतं ते आमच्या वेळी.’ हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटलेलं आहे. पण अलीकडे ते म्हणताना मनात आकडे येतात, आणि आकडे आले की ते वाक्य तसंच्या तसं टिकत नाही. पूर्ण खोटंही ठरत नाही. ते नेमकं कुठे खरं आहे, एवढंच इथे बघायचं आहे.

आमच्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. पळणारी गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि त्यातही यामाहाची आरएक्स 100. ती 1985 च्या अखेरीस भारतात आली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर, साडेसात हजार फेऱ्यांना 11 अश्वशक्ती आणि वजन जेमतेम 103 किलो. आमच्या कृषी विद्यापीठाच्या आवारातले सरळसोट, दोन्ही बाजूंनी झाडं असलेले रस्ते म्हणजे तिचं मैदान. वसतिगृहात एकाकडे आरएक्स असली तरी ती अख्ख्या मजल्याची असे. पेट्रोल मात्र मालकाचंच.

आता हिशेब मांडू. 103 किलोला 11 अश्वशक्ती म्हणजे टनाला सुमारे 107. तुलनेला एक पळणारी मोटार घेऊ. 2004 साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. स्कोडाचा कारखाना इथून फार लांब नाही, संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, 150 अश्वशक्ती आणि वजन तेरा-चौदाशे किलोच्या घरात. टनाला पुन्हा 110 च्या आसपासच. म्हणजे विद्यापीठातली पोरं आरएक्सवर जी मिजास मारायची, तिला कागदावर आधार होता. पण आरएक्स एकटी पळत नाही, तिच्यावर माणूस बसतो. पासष्ट किलोचा स्वार धरला की टनाला 107 चे 65 होतात. मागे मित्र बसला की आणखी खाली. आणि परभणीत आरएक्सवर एकच माणूस बसलेला मी तरी क्वचितच पाहिला. पाच जण घेऊन जाणाऱ्या मोटारीला हा फरक तेवढा जाणवत नाही. थोडक्यात, स्टॉपवॉच लावलं तर आरएक्स हरते, आणि नंतर आलेल्या मोटारसायकलींपुढे तर फारच हरते. 2013 साली चाकणच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडलेल्या केटीएम 390 ड्यूकची ताकद 43 अश्वशक्ती होती आणि वजन आरएक्सच्या दीडपट.

मग आम्हाला आठवतं ते काय? मला वाटतं, आठवतो तो झटका. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो आणि सायलेन्सरच्या आतल्या आकारामुळे ठरावीक फेऱ्यांनंतर ताकद एकदम उसळते. त्याच्या खाली आरएक्स साधीसुधी गाडी होती. मूठ अर्ध्याच्या पुढे पिळली की तिचा आवाज बदलायचा, पुढचं चाक हलकं व्हायचं आणि मागे बसलेला न सांगता कंबर धरायचा. माणसाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेग ओळखत नाही, वेगातला बदल ओळखते. ताशी नऊशे किलोमीटरने उडणाऱ्या विमानात आपण निवांत चहा पितो ते त्यामुळेच. आरएक्समध्ये हा बदल अचानक आणि ओबडधोबड यायचा, म्हणून अंगावर यायचा. नव्या इंजिनांवर हुशार माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं ते नेमका हा ओबडधोबडपणा घालवण्यासाठी. ताकद खालपासून वरपर्यंत सारखी पसरवली. गाडी जास्त वेगाने पळू लागली आणि पळते आहे असं वाटणं कमी झालं.

राजदूत 350 चं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. 1983 साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी 350 ची ही भारतीय आवृत्ती काढली. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, ताकद तीस अश्वशक्तीच्या किंचित वर. रस्त्यावर बुलेट आणि साधी राजदूत चालत असताना हे यंत्र म्हणजे परग्रहावरचंच होतं. पण खर्च वाचवताना मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक काढून तिथे ड्रम बसवला गेला. आमच्या स्टेशन रोडच्या उस्तादांकडे अशी एक गाडी यायची. फेरी मारून आले की ते हात पुसत म्हणायचे, “साब, भागती तो हैच, रुकती नै.” जुन्या पळणाऱ्या गाड्यांची यापेक्षा नेमकी समीक्षा मी कुठल्या मोटार-मासिकात वाचलेली नाही. तरी राजदूत 350 ला ब्रेकनी बुडवलं नाही, अॅव्हरेजने बुडवलं. 1985 मध्येच हिरो होंडाची सीडी 100 आली आणि लिटरला ऐंशीची भाषा सुरू झाली. मानवतच्या कापूस बाजारातून पट्टी घेऊन निघालेला शेतकरी कोणती गाडी घेणार, याला ज्योतिषी लागत नव्हता.

आता चारचाकीकडे. इथे तुलना खरी रंगते, कारण दोन्ही गाड्या मी याच रस्त्यांवर चालवल्या आहेत. एक माझी जुनी, सेकंड हँड घेतलेली होंडा सिटी, 2000 साली आलेल्या व्हीटेक इंजिनची. दीड लिटर पेट्रोल, 106 अश्वशक्ती, वजन टनाच्या आसपास. दुसरी भाच्याची टोयोटा फॉर्च्युनर, 2.8 लिटर डिझेल, 204 अश्वशक्ती, वजन दोन टनांच्या वर. परभणी जिल्ह्यात लक्झरी म्हणजे मर्सिडीज नव्हे, फॉर्च्युनर. लग्नात, प्रचारात, साखर कारखान्याच्या सभेत, जिथे पूर्वी पांढरी अॅम्बेसेडर उभी असायची तिथे आता ती उभी असते. (मर्सिडीजचा मान संभाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या उद्योजकांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. त्यासाठी सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळालं, आणि त्याच मुलखातल्या ट्रॅक्टरला किती व्याज पडतं, हे तेव्हा पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून दाखवलं होतं. गाड्यांची तुलना कधीच नुसत्या गाड्यांची राहत नाही.)

तर सिटी आणि फॉर्च्युनर. शून्यापासून शंभरला दोघीही दहा सेकंदांच्या आसपास पोचतात. वीस वर्षांचं अंतर, दुप्पट ताकद, कितीतरी पट किंमत, आणि निकाल जवळजवळ बरोबरीचा. कारण उघड आहे, वाढलेली ताकद वाढलेल्या वजनाने खाल्ली. पण ते दहा सेकंद सारखे नसतात. सिटीत फेऱ्या पाच हजारांच्या पुढे गेल्या की व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि इंजिन जणू दुसऱ्याच गाडीचं होतं. तिथवर तिला न्यावं लागतं, गिअर धरून ठेवावा लागतो, कष्ट घ्यावे लागतात. फॉर्च्युनरमध्ये पाय नुसता टेकवायचा. दीड-दोन हजार फेऱ्यांतच सगळा टॉर्क हजर असतो. “मामा, दाबा की जरा,” असं भाचा शेजारून म्हणतो तेव्हा आपण आधीच शंभरवर असतो आणि ते आपल्याला काट्याकडे पाहून कळतं.

वळणावर मात्र बरोबरी संपते. सिटी जमिनीपासून छपरापर्यंत एक मीटर चाळीस सेंटिमीटर, फॉर्च्युनर त्याहून चाळीसेक सेंटिमीटर उंच. उंच आणि जड गाडीचा भार वळणात बाहेरच्या चाकांवर कलतो. इलेक्ट्रॉनिक्स ते सावरतात, पण वजनाला पटवून देता येत नाही. जिंतूरच्या पुढे, येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्याला चढ-उतार आणि वळणं लागतात. तिथे माझी पंचवीस वर्षांची सिटी भाच्याच्या गाडीपेक्षा जास्त खूश असते, आणि मीही.

पण मग परभणी–गंगाखेडसारख्या सपाट रस्त्यावर काय होतं? हा रस्ता वर्षानुवर्षं आमच्या संयमाची परीक्षा घेत आला, आणि त्यात सगळा दोष ठेकेदाराचा नाही. आमची जमीन काळी, कापसाची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटांसारखा होतो, कडा खचतात, आणि खड्डा बुजवला तरी शेजारी नवा तयार होतो. अशा रस्त्यावर इंजिनाची ताकद दुय्यम ठरते. वेग ठरवतात ते स्प्रिंग, टायरची जाडी आणि पोटाखालची जागा. सिटी इथे चाळिशीवर येते, पोट घासेल या धास्तीने. फॉर्च्युनर साठ-सत्तरने निघून जाते. भाचा आरशात बघतो आणि मी धूळ खातो. परभणीत फॉर्च्युनर का खपते, याचं सगळं उत्तर प्रतिष्ठेत शोधू नये. निम्मं उत्तर काळ्या मातीत आहे.

याच रस्त्यावर खऱ्या अर्थाच्या लक्झरी मोटारींची गंमत होते. त्यांची चाकं मोठी, रिम वीस-एकवीस इंची, आणि टायरची भिंत दोन-तीन बोटांची. महामार्गावर पकड उत्तम. पण खड्ड्याच्या धारेवर चाक आपटलं की मधे रबरच उरलेलं नसतं. टायर फुटतो किंवा रिम वाकते. जुन्या फियाटला तेरा-चौदा इंची रिम आणि जाडजूड टायर होते. ती खड्ड्यातून जाताना कुरकुरायची खूप, पण घरी पोचायची.

तुलनेचं टोक बघायचं तर सचिन तेंडुलकरच्या फेरारीकडे जाऊ. ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल 2002 साली फियाटतर्फे मिळालेली ती लाल 360 मोडेना, किल्ल्या मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. तिचं इंजिन 3.6 लिटर, आठ सिलिंडर, 400 अश्वशक्ती. शून्य ते शंभर साडेचार सेकंद. आमच्या पिढीला हा आकडा पाठ होता. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, 2022 मध्ये मर्सिडीजने चाकणला जोडलेली ईक्यूएस 580 बाजारात आणली. बॅटरीवर चालणारी, वातानुकूलित दिवाणखान्यासारखी, अडीच टनांच्या वर वजनाची, मागे आजीला झोप लागावी अशी. शून्य ते शंभर, 4.3 सेकंद.

म्हणजे पुणे जिल्ह्यात जोडलेली आरामगाडी इटलीतल्या स्पोर्ट्स कारला, सुमारे अकराशे किलो जास्त ओझं घेऊन, सुरुवातीच्या शर्यतीत मागे टाकते. हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट एक जुना वाद मिटल्यासारखं वाटलं. सरळ रेषेतला पिकअप आता कौतुकाची गोष्ट उरलेली नाही. मोठी बॅटरी आणि मोठ्या मोटर बसवल्या की तो मिळतो. फेरारीचं महत्त्व उरलं ते बाकीच्या गोष्टींत. हलकेपणा, स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता, आठ हजार फेऱ्यांपुढचा आवाज.

या सगळ्यात जुन्याची बाजू जिथे पार लंगडी पडते ती जागा ब्रेकची. आरएक्सला दोन्ही चाकांना ड्रम. आज सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला 2019 पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं आहे. ओल्या रस्त्यावर, समोर म्हैस आडवी आली असताना, या एका सोयीपुढे जुन्या पिकअपच्या सगळ्या आठवणी फिक्या आहेत. आणि धुराचं काय? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा मोठा वाटा न जळताच बाहेर पडतो. आम्ही ज्या वासावर जीव टाकायचो तो खरं तर वाया गेलेल्या पेट्रोलचा आणि ऑइलचा होता. मार्च 1996 मध्ये आरएक्स 100 बंद झाली, आणि धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोकची जातच रस्त्यावरून गेली. ते योग्यच झालं.

पण नव्याचीही एक बाजू धोक्याची आहे. जिंतूर, मंठा करत जालन्याला गेलं की समृद्धी महामार्ग लागतो. तिथे मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. सिटीत हा वेग सहन करावा लागतो. वारा शिट्ट्या मारतो, इंजिन ओरडतं, स्टिअरिंग थरथरतं, आणि तासाभरात माणूस स्वतःहून नव्वदवर येतो. फॉर्च्युनरमध्ये 120 ला गाणं स्पष्ट ऐकू येतं, आणि सरळ रस्त्यावर डोळा लागतो. जुनी गाडी आपल्या मर्यादा बोंबलून सांगायची. नवीला मर्यादा आहेत, पण ती त्या शेवटच्या क्षणापर्यंत बोलून दाखवत नाही. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आखला गेला आहे. तो झाला की हा वेग आमच्या जिल्ह्यातही येईल, आणि खड्ड्यांना सरावलेल्या आमच्या चालकांना ती सवय नव्याने लावून घ्यावी लागेल.

माझा निकाल असा. घड्याळावर नवी जिंकते, ब्रेकवर नवी जिंकते, काळ्या मातीच्या रस्त्यावर उंच नवी जिंकते. ताशी ऐंशीच्या आत, मोकळ्या वळणदार रस्त्यावर, चालवण्याच्या आनंदात हलकी जुनी जिंकते, आणि तेवढंच. तरीही सध्या तरुण पोरं जुन्या आरएक्सला लाखाच्या वर पैसे मोजतायत, शोधून शोधून परभणीच्या एमएच-22 ची घेतायत. त्यांना एकच विनंती आहे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ते कागद आधी तपासा. आणि गाडी घरी आणल्यावर कार्बोरेटर आणि सायलेन्सरला हात लावण्याआधी दोन्ही चाकांचे ब्रेक-शू बदलून घ्या.