पुरेशी सायकल : अपरिग्रहाचा गृहस्थी अर्थ

वस्तू न बाळगणे हा अपरिग्रहाचा अर्थ संन्याशाला पुरतो. गृहस्थाला कामावर वेळेत पोचायचे असते, त्यामुळे वाहन घ्यावे लागते. ते केवढे घेतले म्हणजे पुरे, हा त्याच्यापुरता अपरिग्रहाचा प्रश्न. पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन ५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. तिथे बोरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या किंवा संत्र्याच्या बागेत रोजीने राबणाऱ्या माणसासमोर हा प्रश्न सायकल घेताना उभा राहतो.

पतंजलीच्या योगसूत्रांत अपरिग्रह हा पाचवा यम आहे. त्यांवरील व्यासभाष्यात त्याचे कारण सांगताना विषयांचे पाच दोष मोजले आहेत : अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा. वस्तू मिळवताना, सांभाळताना आणि झिजताना त्रास देते, मनाला चिकटते आणि कुणाला तरी इजा करते. हे पाचही दोष शून्यावर आणणे गृहस्थाला शक्य नाही. ते कमीत कमी राहतील अशी वस्तू निवडणे मात्र शक्य आहे.

अर्जनाचा हिशेब किमतीवर संपत नाही. कुलूप, पंप, मडगार्ड, कॅरिअर आणि दिवा यांचा खर्च पहिल्याच दिवशी जोडावा लागतो. सायकल हप्त्यांवर घेतली, तर पुढच्या महिन्यांची मजुरी आधीच बांधली जाते. जुनी सायकल स्वस्त पडते. पण फ्रेमच्या जोडांना तडा, वाकलेला चिमटा, डगमगणारी रिम किंवा हलणारा क्रँक दिसला, तर ती स्वस्ताई फसवी असते.

रक्षणाचा दोष किमतीबरोबर वाढतो. कारखान्याच्या स्टँडवर किंवा बागेच्या बांधावर दिवसभर उभी राहणारी सायकल महागडी असली की मालकाचे चित्त कामापेक्षा तिच्याकडे लागते.

क्षयाचा विचार सर्वांत व्यावहारिक आहे. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात मडगार्डमध्ये अडकतो, बाभळीचा काटा ट्यूब फोडतो. साधी बिनगिअरची सायकल गावातला कोणताही मिस्त्री दुरुस्त करतो आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. गिअर चढावर उपयोगी खरे, पण त्यांची जुळवणी बिघडली की जाणकार शोधावा लागतो. म्हणून रोजची वाट सपाट असेल तर गिअर हा अधिकचा परिग्रह, आणि सातपुड्याच्या चढणीची असेल तर तीच गरज. जाड, खाचदार टायर रानवाटेला ठीक. डांबरी रस्त्यावर ते विनाकारण दम काढतात.

संग हा सूक्ष्म दोष आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा, म्हणजे ममत्व, अशी केली आहे. या व्याख्येने चकचकीत सायकलीचा मालक बांधला जातो, तसा साधेपणा मिरवणाराही. जैन परंपरेत श्रावकासाठी, म्हणजे गृहस्थासाठी, परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत आहे : आपली मर्यादा आपण आधी ठरवायची. दुकानात शिरण्यापूर्वी रोजचे अंतर, रस्ता, ओझे आणि रक्कम ठरवणे हे याच व्रताचे लहान रूप होय.

हिंसेच्या बाजूने सायकल मोटारसायकलपेक्षा उजवी, कारण ती धूर सोडत नाही. पण हिंसा स्वतःच्या शरीराचीही होते. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. ती खाली राहिली की भार गुडघ्यांवर येतो. ट्रकांची वर्दळ असलेल्या महामार्गावरून रात्रपाळीला जाणाऱ्याने दिवा, मागचा परावर्तक आणि पक्के ब्रेक यांत काटकसर केली, तर ती अहिंसेच्या विरुद्ध जाते. सर्वांत स्वस्त सायकल सर्वांत अपरिग्रही का नव्हे, ते इथे कळते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ज्याच्या खिशात पैसेच कमी, त्याला अपरिग्रह शिकवणे म्हणजे टंचाईला व्रताचे नाव देणे. आक्षेप खरा आहे. व्रताला निवड लागते. लादलेली उणीव व्रत होत नाही, आणि अपुरी मजुरी देणाऱ्याला व्रताचा आधार घेता येत नाही. व्यासभाष्यानुसार संतोष म्हणजे जवळच्या साधनाहून अधिक घेण्याची इच्छा नसणे. जवळचे साधन काम भागवणारे आहे, हे त्यात गृहीत धरावे लागते. एरवी मोडक्या साधनावर समाधान मानणे हा संतोष न राहता नाइलाज होतो.

म्हणून मर्यादा कामावरून ठरते आणि काम बदलले की तीही बदलते. अंतर वाढले, गुडघे थकले किंवा मागे मूल बसवून न्यावे लागले, तर वेगळे वाहन घेण्याने अपरिग्रह मोडत नाही. काम तेच असताना शेजाऱ्याची नवी सायकल पाहून जुनी बदलली, तर मोडतो.